जुनं कॉमिक, नवा पुठ्ठा: पैसे नेमके कशाचे?

अमळनेरची मावशी घरी आली होती. टेबलावरचं, जुन्या कॉमिकच्या नव्या छपाईचं जाडजूड पुस्तक तिने दोन्ही हातांनी उचललं, वजनाचा अंदाज घेतला आणि किंमत विचारली. मी खरी सांगितली, तिथेच चुकलं. "इतला पैसा? हाई बठ्ठं रद्दीमा भेटस ना भो!"

आता मावशीला काय सांगणार? वेताळ (म्हणजे इंग्रजीतला फँटम) आणि जादूगार मॅण्ड्रेक यांच्या कॉमिकचे पहिले अंक मी तिच्याच घरी, मातीच्या धाब्याच्या गार खोलीत पालथं पडून वाचले होते. भुसावळच्या फलाटावर घेतलेले, हातोहात फिरून कव्हरं गळालेले. पुढे एका दिवाळीच्या साफसफाईत ते सगळे खरोखरच रद्दीत गेले, किलोच्या भावाने. तेव्हा किलोवर घातलं तेच आज पुठ्ठाबांधणीत हजारो रुपये मोजून घेणारा माणूस घरच्यांना वेडा वाटणारच. पण "तेच" म्हणण्यात गफलत आहे. गोष्ट तीच असते, तिचे कुणी पैसे मोजत नाही. पैसे असतात ते रेघेचे. चित्रकाराने कधीकाळी मारलेली काळी रेघ आपल्या हातातल्या पानावर कोणत्या वाटेने येऊन पोचली, यावर अशा पुस्तकाचं मोल ठरतं. ती वाट एकदा समजली की खिसा कुठे रिकामा करायचा आणि हात कुठे आखडता घ्यायचा, हे आपलं आपल्याला कळतं.

जुनं कॉमिक मुळात टिकायला छापलेलंच नव्हतं. स्वस्त वर्तमानपत्री कागद, मध्ये दोन पिना, आठवड्या-महिन्याचं आयुष्य. त्या कागदात लाकडातलं लिग्निन तसंच राहिलेलं असतं. ऊन-हवा लागली की ते पिवळं पडतं, कागदात आम्ल तयार होतं आणि पान कडेपासून पापडासारखं तुटायला लागतं. छापणाऱ्यालाही पुढच्या अंकाची घाई. पन्नास वर्षांनी हे पुन्हा कुणाला लागेल असं कुणाच्या डोक्यातच नव्हतं, त्यामुळे मूळ चित्रं जपली गेली नाहीत. काही वाटली गेली, काही हरवली, काही सरळ कचऱ्यात गेली. म्हणून जुनं कॉमिक पुन्हा काढायचं ठरलं की सगळ्यात आधी एकच पेच पडतो: छापायचं कशावरून?

सगळ्यात चांगली वाट म्हणजे चित्रकाराच्या हातचं मूळ पान. अमेरिकी कॉमिकचं छापील पान साधारण साडेसहा बाय सव्वादहा इंचांचं असतं, पण चित्रकार ते मोठ्या कागदावर काढतो. १९६७ च्या सुमारापर्यंत हे चित्र छापील पानाच्या जवळजवळ दुप्पट मापाचं असायचं, नंतर ते १० बाय १५ इंचांवर आलं. मोठं काढून लहान छापलं की रेघ घट्ट आणि धारदार दिसते. मूळ पान हाती लागल्यावर काय गंमत होते ते बघायचं असेल तर आयडीडब्ल्यू या प्रकाशनाने २०१० पासून काढलेल्या 'आर्टिस्ट्स एडिशन' बघाव्यात. मूळ पानं मूळ मापात, तीही रंगीत स्कॅन करून छापलेली. चित्र काळं-पांढरंच असतं, पण रंगीत स्कॅनमुळे पेन्सिलीच्या खुणा, पांढऱ्या रंगाने झाकलेली चूक, समासात खरडलेली सूचना, सगळं उघडं पडतं. ती पुस्तकं मांडीवर घेऊन वाचता येत नाहीत, जमिनीवर पसरावी लागतात.

दुसरी वाट प्रूफची. छापण्यापूर्वी चांगल्या कागदावर जी एखादी नमुना-प्रत काढतात, ती कुणी जपली असेल तर नशीबच म्हणायचं. हॅल फॉस्टर यांची 'प्रिन्स व्हॅलियंट' ही चित्रमालिका १९३७ मध्ये सुरू झाली. फँटाग्राफिक्स या प्रकाशनाने २००९ पासून ती पुठ्ठाबांधणीत आणली, तेव्हा फॉस्टर यांच्या स्वतःच्या संग्रहातली रंगीत प्रूफं त्यांना वापरता आली. समुद्राच्या लाटांवरची बारीक रेघ न् रेघ मोजून घ्या, अशी ती छपाई आहे.

मूळ पानही नाही आणि प्रूफही नाही, अशी वेळ जास्त येते. मग उरतो तो छापील अंक. त्यातून काळी रेघ वेगळी काढायची एक जुनी रीत ऐकली तेव्हा माझ्या पोटात कालवलं होतं. अंक सोडवायचा, पानं रसायनात बुडवायची, लाल-पिवळा-निळा धुऊन जाईपर्यंत ठेवायची. काळी शाई तेवढी तग धरते. मग त्या पानाचा फोटो काढून, तुटलेल्या रेघा हाताने जोडून, त्यावर नव्याने रंग भरायचे. अमेरिकेत ग्रेग थीकस्टन यांनी ही पद्धत रुळवली म्हणून तिला 'थीकस्टनायझिंग' असंच नाव पडलं. म्हणजे हजारो प्रती निघाव्यात म्हणून एका दुर्मीळ अंकाचा बळी द्यायचा. कोंबडं कापून देव पावतो तसं काहीसं.

आता संगणकामुळे अंकाचा जीव वाचतो, पण दुसरी डोकेदुखी असते. जुनी रंगीत छपाई म्हणजे बारीक ठिपक्यांची रांगोळी. ती स्कॅन करून पुन्हा छापायला घेतली की नव्या छपाईचे ठिपके जुन्या ठिपक्यांवर बसतात. दोन मच्छरदाण्या एकावर एक धरून उजेडाकडे बघा, मध्येच लाटांसारखी नक्षी हलताना दिसते. तीच नक्षी चेहऱ्यांवर आणि आभाळावर उमटते. तिला मुआरे म्हणतात. घाईने काढलेल्या पुनर्मुद्रणाची ही पहिली खूण. दुसरी खूण अक्षरांत सापडते: बारीक अक्षरांची पोटं शाईने बुजलेली, सुट्या अक्षरांचे पाय एकमेकांत अडकलेले.

हे तपासायला माझ्याकडे सराफाचं भिंग आहे. जळगावात राहून सोन्याचं एवढं तरी आपल्या वाट्याला यावं. भिंगातून नायकाच्या गालाकडे बघायचं. ठिपके स्वच्छ, एकसारखे आणि रेघ त्यांच्यावर काळीभोर दिसली तर रेघ वेगळी काढून काम झालेलं आहे. रेघेतच ठिपके दिसले, तर सरळ अंकाचा फोटो काढून छापलेला आहे. दुसऱ्या प्रकारात वाईट काही नाही, उलट काहींना तेच हवं असतं. फक्त किंमत त्या मानाने असावी.

रंगांचं प्रकरण यापेक्षा वादाचं. जुन्या अमेरिकी कॉमिकमध्ये काळ्याखेरीज तीन शाया: पिवळी, गुलाबीकडे झुकणारी लाल आणि आकाशी निळी. प्रत्येक शाई चार तऱ्हांनी वापरायची: अजिबात नाही, पंचवीस टक्के, पन्नास टक्के किंवा भरगच्च. चार गुणिले चार गुणिले चार, म्हणजे झाले ६४ रंग. एवढ्यात जंगल, अंतराळ आणि नायिकेची साडेतीन हात लांब ओढणी, सगळं भागवायचं. रंगवणाऱ्याला पक्कं माहीत असायचं की हा मळकट कागद शाई पिऊन टाकणार, म्हणून तो मुद्दाम भडक रंग निवडायचा. तोच आकडा, तोच रंग आता पांढऱ्याशुभ्र गुळगुळीत आर्ट पेपरवर छापला तर डोळे दिपतात. पांढऱ्या मातीने सारवलेल्या भिंतीवरची नीळ शांत दिसते, तीच बाथरूमच्या टाइलवर फासली तर कशी दिसेल, तसं. त्यामुळे संग्राहक कागदावरून भांडतात. गुळगुळीत कागदावर रेघ छान उठते, खरबरीत कागदावर रंग छान बसतो. मी खरबरीत कागदाच्या बाजूचा. रात्री ट्यूबलाइटखाली वाचताना पान चकाकत नाही, हे एकच कारण मला पुरेसं आहे.

आता आपल्या वेताळाकडे येऊ, कारण खान्देशातला चाळिशी-पन्नाशीचा वाचक शेवटी त्याच्याच शोधात निघतो. (वेताळबाबाचा शेंदरी दगड ज्यांच्या गावाच्या वेशीवर आहे, त्या घरांतून "वेताळ घरात आणू नको" असं आजीने म्हटल्याचं एकाहून जास्त मित्रांनी सांगितलंय.) इंद्रजाल कॉमिक्स टाइम्स ऑफ इंडिया समूहाने मार्च १९६४ मध्ये सुरू केलं आणि १९९० मध्ये ते बंद पडलं. आठशेच्या वर अंक निघाले. मराठीसह कितीतरी भारतीय भाषांत ते येत असे. पण तो वेताळ मुळात पुस्तकातला नव्हताच, वर्तमानपत्रातला होता. ली फॉक यांनी १९३६ साली तो रोजच्या चित्रपट्टीत आणला, चित्रं रे मूर यांची. रोजची पट्टी आडवी आणि काळी-पांढरी. रविवारची रंगीत पट्टी १९३९ मध्ये सुरू झाली. म्हणजे मावशीच्या खोलीत मी जे वाचलं तेही पुनर्मुद्रणच होतं! आडव्या पट्ट्या कापून उभ्या पानावर चिकटवलेल्या, जागेत बसत नाहीत त्या चौकटी छाटलेल्या किंवा गाळलेल्या, वर रंग नवे. नावंसुद्धा बदललेली. वेताळाच्या देशाचं मूळ नाव बेंगाली, त्याचं इथे डेंकाली झालं. सिंग नावाच्या समुद्री चाच्यांची टोळी 'सिंगा' झाली, कारण उघड आहे. वेशाचा रंगदेखील ज्याचा त्याने ठरवलेला. अमेरिकेत जांभळा, स्वीडन-नॉर्वेत निळा, इटली आणि ब्राझीलमध्ये लाल.

इथेच बरेच जण फसतात. हर्मिस प्रेसने २०१० पासून रोजच्या पट्ट्या सुरुवातीपासून क्रमाने पुठ्ठाबांधणीत आणल्या. कुणीतरी हौसेने पहिला खंड मागवतो, पार्सल फोडतो आणि त्याचं तोंड पडतं. पुस्तक आडवं, रंग नाहीत, भाषा इंग्रजी आणि वेताळ ओळखीचाच नाही. सावल्यांत बुडालेला, अंगाने सडपातळ. तो रे मूर यांचा १९३६ चा वेताळ. आपल्या लहानपणीचा, रुंद छातीचा, स्वच्छ रेघेचा वेताळ बहुतेक करून साय बॅरी यांचा, आणि त्यांनी ही मालिका हाती घेतली १९६१ मध्ये. तेव्हा आठवणीतला वेताळ हवा असेल तर एकसष्टनंतरच्या पट्ट्यांचे खंड बघावेत. पहिला खंड ज्याला मुळापर्यंत जायची खाज आहे त्याच्यासाठी. मला स्वतःला मूर यांच्या सावल्यांनी पार जिंकलं, पण त्याला सहा महिने लागले.

एक गोष्ट मात्र काळ्या-पांढऱ्या खंडातच कळते. माझ्याकडे इंद्रजालचे डझनभर मराठी अंक पुन्हा जमलेत. त्यातला एक उघडून शेजारी तीच गोष्ट खंडात लावून बसलो. मराठी अंकात वेताळ एका चौकटीत घोड्यावर आणि पुढच्या चौकटीत एकदम कड्यावर उभा. लहानपणी वाटायचं, वेताळच तो, पोचला असेल. खंडात बघितलं तर मध्ये दिवसभराची अख्खी पट्टी होती. घोडा खाली बांधून तो माणसासारखा धापा टाकत चढतो.

आता बांधणी. पुठ्ठा जाड म्हणजे बांधणी भक्कम, असं समजू नका. पुठ्ठा हा शर्ट आहे, अंग आत असतं. मोठ्या कागदावर एका वेळी आठ-सोळा पानं छापून, घड्या घालून जो जुडगा होतो त्याला आपल्याकडे फर्मा किंवा जुज म्हणतात. हे जुज दोऱ्याने एकमेकांना शिवले तर ती जुजबांधणी. घड्या कापून सुटी पानं नुसत्या गोंदावर चिकटवली तर ती गोंदबांधणी, दुकानदार तिला परफेक्ट बाइंडिंग म्हणतात. पुस्तक वरून बघा. कण्याजवळ घड्यांच्या छोट्या-छोट्या कमानी दिसल्या तर जुज शाबूत आहेत. एखाद्या जुजाच्या मधोमध उघडलं की दोराही दिसतो. शिवलेलं पुस्तक टेबलावर सपाट पसरतं. चित्रांच्या पुस्तकाला हे फार महत्त्वाचं, कारण दोन पानांवर पसरलेलं चित्र गोंदबांधणीत मधल्या घळीत गडप होतं. नायकाचा एक डोळा या पानावर, दुसरा त्या पानावर आणि नाक घळीत.

शिलाई कशी असते ते मी जळगावात एका बायंडरकडे बसून पाहिलं. माझे ते डझनभर मराठी अंक घेऊन गेलो होतो, म्हटलं आपणच आपलं हार्डबाउंड करू. त्यांनी नखाने पिना उचकटल्या, गंजाचे डाग कापडाने पुसले, अंक उलगडून एकावर एक रचले. दाभणाने घडीवर पाच भोकं पाडली आणि मेण लावलेला दोरा आत-बाहेर, आत-बाहेर नेत एकेक अंक मागच्याला जखडला. शेजारी मैद्याची खळ रटरटत होती, निळसर. त्यात मोरचूद घातलेलं, कसर लागू नये म्हणून. कण्याला खळ लावून गठ्ठा शिकंज्यात आवळला. इथपर्यंत मी नुसता बघत राहिलो, इतकं देखणं काम. मग गठ्ठा गेला कटिंग मशिनखाली आणि तीन बाजूंनी दोन-दोन सूत छाटला गेला. कडेला टेकलेले संवादांचे फुगे त्याबरोबर गेले. त्यांची काही चूक नाही. शाळा-कचेऱ्यांची रजिस्टरं बांधणाऱ्या माणसाला कडा सरळ लागते. "छाटू नका" हे दोन शब्द बोलायचे मी विसरलो. तुम्ही विसरू नका. आणि खरं तर दुर्मीळ अंक बांधूच नका, त्यासाठी पुठ्ठ्याची पेटी करून घ्या, तीच माणसं सुबक करून देतात.

बाजाराचं गणित थोडक्यात. अमेरिकी प्रकाशकांपैकी मार्व्हलने १९८७ मध्ये 'मास्टरवर्क्स' आणि डीसीने १९८९ मध्ये 'आर्काइव्ह एडिशन्स' ही पुठ्ठाबांधणीची मालिका सुरू केली, एकेका खंडात साधारण दहा अंक. २००५ पासून मार्व्हलचे 'ऑम्निबस' आले. आठशे-हजार पानांचे, उशीला घ्यावेत असे. छापील प्रती ठरावीक असतात. त्या संपल्या की पुस्तक 'आउट ऑफ प्रिंट' होतं आणि जुन्या प्रतीचा भाव दुप्पट-तिप्पट चढतो. कधी कधी कारण हक्कांचं असतं. कोनॅन या रानटी योद्ध्याचं कॉमिक मार्व्हलने १९७० मध्ये सुरू केलं, पण पात्र त्यांच्या मालकीचं नव्हतं. २००३ नंतर ते डार्क हॉर्स या प्रकाशनाकडे गेलं, २०१९ मध्ये पुन्हा मार्व्हलकडे आणि २०२३ मध्ये टायटनकडे. हक्क गेला की जुन्या मालकाचे खंड छापणं बंद. नवा मालक तेच अंक नव्या खंडात काढतो आणि चढ्या भावाने घेतलेल्याची प्रत एका रात्रीत निम्म्यावर येते. कापसाच्या भावाचा अनुभव असलेल्या आपल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. गुंतवणूक म्हणून यात पडू नये, हे माझं स्पष्ट मत. १९६४ चा अंक पुन्हा १९६४ मध्ये कुणी छापू शकत नाही. पुनर्मुद्रण मात्र कधीही पुन्हा होऊ शकतं.

हक्कांच्या पानावर पुष्कळदा आकड्यांची एक ओळ असते, दहापासून एकपर्यंत. प्रत्येक नव्या मुद्रणाला सगळ्यात लहान आकडा उडवतात. एक दिसतोय म्हणजे पहिलं मुद्रण, सगळ्यात लहान आकडा तीन असेल तर तिसरं. वाचायला घेणाऱ्याने तिसरं मुद्रण आनंदाने घ्यावं, चुका बऱ्याचदा तोवर दुरुस्त झालेल्या असतात. परदेशातून मागवताना डाकखर्च धरा आणि २०१९ च्या अर्थसंकल्पाने आयात पुस्तकांवर ५ टक्के सीमाशुल्क लावलं तेही.

ज्याला एवढं सगळं नको, त्याने घरापासून सुरुवात करावी. अमर चित्रकथेचं महाभारत १९८० च्या दशकात ४२ अंकांत आलं, चित्रं दिलीप कदम यांची. ते तीन जाड खंडांत पुठ्ठाबांधणीत मिळतं. माझ्या भाच्याला तेच घेऊन दिलं, ऑम्निबसच्या मानाने पाव किमतीत.

राहता राहिला आपला उन्हाळा. भुसावळला पारा पंचेचाळीस ओलांडतो तेव्हा पत्र्याखालच्या माळ्यावर किंवा बंद गाडीत गोंद मऊ पडतो आणि उभ्या ठेवलेल्या ऑम्निबसचा आतला गठ्ठा स्वतःच्याच वजनाने खाली लोंबतो. दोन-तीन किलोचं पुस्तक आडवंच ठेवावं, नाहीतर इतरांच्या आधाराने घट्ट उभं. कोरड्या हवेत पुठ्ठे कमानीसारखे वाकतात. घाबरून त्यावर पाटा-वरवंटा ठेवू नये, पहिला पाऊस पडून हवा सर्दावली की बहुतेक वेळा ते आपोआप सरळ होतात. मग कसरीची पाळी येते. तिला कागदापेक्षा खळ आवडते, म्हणून जुनी बांधणी असेल ती पुस्तकं महिन्यातून एकदा तरी काढून, उघडून, झटकून ठेवावीत. सगळ्यात चांगली जागा कोणती विचाराल तर मावशीची धाब्याची खोली. मी दोन खोकी तिकडे नेऊन ठेवली आहेत. "रद्दीवालाले दी दिसू" अशी धमकी अधूनमधून येत असते.

त्या छाटलेल्या अंकात एका फुग्याचा शेवट माझ्या मनात अडकून बसला होता. वेताळ काहीतरी म्हणतो आणि वाक्य कडेवर तुटतं. इंग्रजी खंडात बघून उपयोग नव्हता, मराठीत वाक्यच वेगळं घेतलेलं. शेवटी चोपड्याच्या एका मित्राकडे तोच अंक निघाला. त्याने त्या पानाचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवला. कापल्या गेलेल्या भागात दोन उद्गारचिन्हं होती.